पाणी येऊन उठवील

आखाजीचा दुसरा दिवस, १९९९. धुळे.

आबा,

सकाळी असोद्याहून निघाले. जळगावच्या स्टँडवर बस लगेच मिळाली. धुळ्यात उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घरात कोणी नाही, हे नरडाण्याला कारखान्यात पाळीवर गेले आहेत. पिंपात तळाशी थोडं पाणी होतं, त्यात हातपाय धुतले, भात टाकला, जेवले. आज नळाला पाणी येणार असं शेजारीण म्हणाली. किती वाजता ते तिलाही माहीत नाही. काल दादानं तुमच्या सरीवर नळी टाकली. मी टाक म्हटलं, मगच टाकली. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, पण ते एवढ्यात सांगून होत नाही असं दिसतं.

तुमचं जेवण घेऊन मी मळ्यात यायची, ते सारखं डोळ्यांपुढे येतंय. सात-आठ वर्षांची असेन. फडक्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत. केळीच्या बागेत शिरलं की बाहेरचं ऊन हिरवं होऊन जातं, आणि वाळलेली पानं पायाखाली वाजतात. तुम्ही सरीच्या पार शेवटाला आडवे पडलेले आहात. डोक्याखाली रुमालाची गुंडाळी, आणि उजवी टाच कोरड्या सरीत. तिकडे विहिरीपाशी मोटार चालू आहे, दांडातून पाणी सरीत सोडलेलं आहे, आणि तुम्ही गाढ झोपला आहात. पाणी हळूहळू सरकत शेवटपर्यंत येईल, टाचेला लागेल, तुम्ही उठाल, ही सरी बंद करून पुढची फोडाल आणि पुन्हा आडवे व्हाल. सगळं गावच असं झोपायचं. दुपारी कुठल्याही बागेत डोकावलं तर कोणाचा ना कोणाचा पाय सरीत दिसायचा.

एकदा तुम्ही मला तुमच्या शेजारी झोपवलंत आणि माझी टाच सरीत ठेवलीत. मी डोळे मिटले, पण मध्येच उघडून बघायची. पाणी येण्याआधी काय काय येतं ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी मुंग्या घाईघाईनं काठावर चढल्या. मग नाकतोडे उडाले. त्यांच्या मागून दोन बगळे सरीच्या कडेकडेनं, पाहुण्यांसारखे शांतपणे चालत आले. मग काडीकचरा डोक्यावर घेऊन फेसाची एक जीभ आली. तुम्ही डोळे न उघडताच रागावलात, "पान्यावर पहारा नको ठेवू. येऊ दे त्याले. ते उठवीन तुले." मी डोळे घट्ट मिटले. ते टाचेला लागलं तेव्हा चक्क कोमट होतं. पुढचं पाणी तापलेल्या मातीवरून येतं म्हणून कोमट असतं आणि थंड पाणी त्याच्या मागं असतं, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी वाटलं, कोणीतरी हातानं पाय धरून हलवतंय.

पुढं मी धुळ्याला शाळेत नोकरीला लागले, लग्न झालं, आणि आपली विहीर खोल खोल जायला लागली. अर्धी बाग भिजते न भिजते तोच मोटार हवा ओढायला लागायची. अशाच एका वर्षी आखाजीला मी माहेरी आलेली असताना ड्रीपच्या कंपनीचा माणूस गावात आला. दिवेलागणीला शाळेच्या भिंतीवर त्यानं परदेशातली चित्रं दाखवली. नुसती वाळू, तिच्यात काळ्या नळ्या, नळ्यांच्या कडेनं हिरवी झाडं, आणि टोपी घातलेला एक गोरा शेतकरी कॉक फिरवताना. तो माणूस म्हणाला, जगभर आता असंच चाललंय. तुम्ही मागून विचारलंत, "कॉक फिरवल्यावर तो काय करतो?"

"काही नाही बाबा. घरी जातो, चहा पितो."

"आन पानी?"

"पाणी आपलं आपण थेंब थेंब पडत राहतं."

"मंग त्याले उठवतं कोन?"

सगळे हसले. तो माणूसही हसला. तुम्ही मात्र त्या गोऱ्या शेतकऱ्याकडे असं बघत होतात, जणू त्याच्या घरी काहीतरी वाईट झालंय.

दादाचं काही चुकलं नव्हतं, आबा. बाग वाचवायची तर दुसरा रस्ता नव्हता, आणि ते तुम्हालाही दिसत होतं. तुम्ही हो म्हणालात, फक्त एक सरी मागून घेतलीत. "वडाकडची सरी मले ठेव. तिच्यात नळी नको." दादा वैतागला. "आबा, झोपासाठी सरी कसाले पाहिजे? घरात खाट आहे, वर पंखा लावून देला." तुम्ही म्हणालात, "खाटेले पानी येतं का?" वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली, आणि दादालाही हसू आलं. सरी राहिली.

ड्रीप बसल्यावर बाग एकदम गप्प झाली. मी दर वेळी आले की मला तेच जाणवायचं. केळी जोरात होती, घड आधीपेक्षा मोठे पडत होते, दादाकडे वेळ होता, घरात टीव्ही आला होता. दुपारी चहाच्या टपरीवर माणसं दिसायला लागली. गाव दुपारचं जागं असतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही मात्र नळीपाशी उकिडवे बसून बोटानं माती उकरून बघायचात. मी विचारलं, "झाडं पितात ना आबा?" तुम्ही ओलं बोट धोतराला पुसलंत. "पेतात. बरे पेतात. पन पानी चालत नही वं पोरी. मले त्याचा पाय वाजत नही." रात्री खाटेवर तुमचा डोळा लागत नाही असं वहिनी सांगायची. वडाकडच्या सरीला पाणी सोडायचा दिवस असला की त्या दुपारी मात्र तुम्ही लहान मुलासारखे झोपायचात.

तुम्ही गेलात तेही तिथंच. शाळेत मला दादाचा फोन आला. नंतर सगळं कळलं. पाणी सरीच्या शेवटाला आलं, टाचेला लागलं, धोतर भिजलं, आणि बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात गेलं. शेजारी भांडायला म्हणून आला. "ओ आबा, उठा! पानी पहा माह्या शेतात चाल्लं!" असं दोनदा ओरडून मग तो जवळ आला, तुमच्या कपाळाला हात लावला आणि खाली बसून राहिला. फोनवर दादा एवढंच म्हणाला, "बाई, पानी पोचलं होतं. आबा उठले नही."

त्यानंतर इतकी वर्षं दादानं ती सरी तशीच ठेवली. नळी टाकली नाही, गड्यालाही हात लावू दिला नाही, स्वतः जाऊन फोडायचा आणि स्वतः बंद करायचा. काल अक्षय्यतृतीयेला तुमच्या नावाची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, घास टाकला. जेवणं झाल्यावर दादा मला विहिरीवर घेऊन गेला आणि आत खडा टाकला. खडा किती तरी वेळानं वाजला. "एका सरीले जे पानी लागतं, त्याच्यात नळीनं सा सऱ्या भिजतात," तो म्हणाला. "मी नळी आनून ठेवली आहे. पन तू नही म्हटलं तर नही टाकनार. आबांची तू जास्त."

मी म्हटलं, "एकदा पाणी सोड."

तो मोटार चालू करायला गेला. मी एकटी सरीच्या शेवटी जाऊन उभी राहिले. बसले नाही. बराच वेळ काही झालं नाही, मला उभ्या उभ्या डुलकी आल्यासारखं झालं. मग मुंग्या वर चढल्या. बगळा एकच होता. तो आला, माझ्याकडे पाहून थांबला आणि मागं वळला. त्याच्या मागून फेस आला, काडीकचरा आला. पाणी तुम्ही झोपायचात त्या जागेपर्यंत आलं, तिथं जरा थांबलं, डावीकडे चाचपडलं, उजवीकडे चाचपडलं, आणि बांधाला टेकून तसंच चढत राहिलं. दादा खांद्यावर फावडं टाकून आला. मी म्हटलं, "टाक दादा."

त्यानं फावडं बांधावर रोवलं. मग म्हणाला, "आबा सपनात येऊन शिव्या देतीन मले."

"आबा झोपेत शिव्या देत नव्हते."

तो हसला आणि पाठ फिरवून नाक पुसलं. संध्याकाळपर्यंत नळी टाकून झाली.

दादाला वाटतंय, विहिरीकडे बघून मी हो म्हटलं. वहिनीलाही तसंच वाटतंय, आणि शिकलेल्या बाईला समज असते असं ती म्हणाली. मी तसंच वाटू दिलं. तुम्हाला सांगते आबा, विहिरीचा विचार त्या वेळी माझ्या मनातसुद्धा नव्हता. इतकी वर्षं पाणी दर वेळी तिथवर येत होतं आणि तिथं कोणाचा पाय नव्हता. ते चाचपडत होतं. तेवढं मला बघवलं नाही.

हे कागद पोस्टात टाकायचे नाहीत, म्हणून पाकीट घेतलेलं नाही. इथं नळाला आम्ही एक डबी लावली आहे, सेलवर चालणारी. यांनीच आणली. पाण्याचा थेंब तारांना लागला की ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते. आता उठून मी तिच्या तारा काढून ठेवल्या. नळ उघडा ठेवला, खाली बादली ठेवली नाही. मोरीला लागून चटई टाकली आहे. आडवी होते, आणि उजवा पाय नळाखाली ठेवते.