देवदत्तानं काय व्हावं

४ जानेवारी, रविवार

योद्धा, मांत्रिक, धनुर्धर, वैद्य, चोर, भाट — यातलं काहीतरी एक व्हायचं आहे. पुढच्या रविवारच्या आत.

लेकीची, सौम्याची, अट. सकाळी बंगळूरहून फोन. ‘अण्णा, पोहे खाता खाता अर्ध्या तासात माणूस कळतो का हो? चार रविवार आमच्याबरोबर ऑनलाइन खेळा. नागेंद्र तिथं कसा वागतो ते बघा. मग काय ते सांगा. नको म्हणालात तर मी वाद घालणार नाही.’

वाद घालणारी पोर परवडली.

नागेंद्र, तिनं पसंत केलेला मुलगा, बेळगावातल्या वडगावचा. घरी माग, साड्या विणतात. तो स्वतः उद्यमबागेत एका कारखान्यात यंत्राच्या भागांची ड्रॉइंग काढतो. वडील नाहीत, आई आहे. घरात बोलणं कन्नड. आमच्याकडे लग्नं ठरतात ती पत्रिका, गोत्र आणि ‘त्यांच्या मावशी आपल्या ओळखीच्या’ यांवर. हे दोघं भेटले ते या खेळात, एका राक्षसाला मारताना.

माझं मत काय? माहीत नाही. निपाणीहून बेळगावच्या पेपरला बातम्या पाठवता पाठवता केस पिकले. दोन्ही बाजूंचं म्हणणं घ्यायचं आणि आपण मध्ये कुठं दिसायचं नाही, ही सवय. घरच्या बातमीतही तेच होतंय.

५ जानेवारी

सौम्यानं दिवाळीत दिलेल्या टॅबवर खेळ उतरवला. आधी नाव मागतो. ‘देवदत्त’ दिलं. संस्कृत पाठशाळेत व्याकरणाच्या आणि तर्काच्या प्रत्येक उदाहरणात हाच माणूस असे. देवदत्त गावाला जातो, देवदत्त भात शिजवतो, देवदत्त लठ्ठ आहे पण दिवसा जेवत नाही. कधी कुणाला मारल्याचं आठवत नाही. खेळ म्हणाला, हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय. म्हणजे पाठशाळेतून पळालेला आणखी एक जण तिथं आहे. शेवटी ‘देवदत्त-निपाणी’. ते मात्र कुणी घेतलं नव्हतं. कोण घेणार!

मग मोठा प्रश्न. त्यांचा शब्द इंग्रजी आहे, मला मात्र ‘वर्ण निवडा’ असंच वाचावंसं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलं — कशात जन्म घेऊ इच्छिता? लढत लढत चढायच्या पायऱ्या असतात, त्यातल्या दहावीच्या आत एकदा बदलताही येतो. त्यानंतर बदलायचा तर पार पहिल्या पायरीवर जाऊन सुरुवात. ही सोय इकडे असती तर आमच्या घरात आत्ता शांतता असती.

कशावरच बोट ठेवलं नाही.

७ जानेवारी

ठरलं नाही. बोरगाव रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर उलटला, ती बातमी दिली. ट्रॅक्टर निदान एका बाजूला तरी पडला.

९ जानेवारी

मंगलला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘चोर घ्या. लाडवाचा डबा उघडताना तुमचा आवाज येत नाही.’

‘मुलीचा बाप चोर म्हणून जाईल होय?’

‘मग भाट घ्या. पेपरात वेगळं काय करता?’

सहधर्मचारिणी या शब्दाचा अर्थ गुरुजींनी नीट समजावला नव्हता.

मग काड्या बाजूला सारत म्हणाली, ‘मला विचाराल तर पोरगा बरा आहे. पण मला कोण विचारतंय? मला मेथी निवडायला बसवलंय, तुम्हाला जन्म.’

१० जानेवारी

एकेक करून खोडत गेलो.

योद्धा पुढे उभा राहून मार खातो. गुडघे परवानगी देत नाहीत. मांत्रिक खुद्द नागेंद्र आहे. मुलाकडच्यांची बरोबरी करायला गेल्यासारखं दिसेल. वैद्याचं मनात आलं होतं. सौम्या म्हणाली, ‘वैद्य आहे आमच्यात, मल्लिगे म्हणून. आणि वैद्याचं काम लई अवघड, अण्णा. कुणी मेलं की सगळे वैद्यालाच बोलतात.’

‘मल्लिगे कोण?’

‘आहे आमच्यातलीच एक.’

शेवटी धनुर्धर. लांब उभं राहायचं, बघायचं, जमलं तर एखादा बाण टाकायचा. मुलगा बघायला गेलेल्या माणसानं असंच असावं. शिवाय याच कामाचा मला पगार मिळतो.

११ जानेवारी, रविवार

दुपारी जेवून, चष्मा पुसून, देवाला नमस्कार करून त्या जगात शिरलो.

समोर शिंगं असलेली, रेड्याच्या अंगाची बाई. हातात दारापेक्षा मोठी ढाल. ‘अण्णा, मी.’ तिथं बोलायचं ते लिहून. पाल दिसली की स्टुलावर चढणारी माझी मुलगी! शेजारी काळ्या झग्यातला सडपातळ मांत्रिक. त्यानं लिहिलं, ‘नमस्कार काका.’ तो नागेंद्र. आणि काठी घेतलेली, पांढऱ्या कपड्यातली मल्लिगे. तिनं एवढंच लिहिलं, ‘बसा.’

बसू कुठं? सगळीकडे दलदल होती.

दलदलीतून काहीतरी आलं आणि मी मेलो. मल्लिगेनं काठी फिरवून उठवलं. पुन्हा मेलो. पुन्हा उठवलं. एकदा नुसताच वळताना कड्यावरून पडलो, तेव्हाही. तिनं एका शब्दानं विचारलं नाही की हा मनुष्य असा का पडतो.

राक्षस मेला की पेटी उघडते, आणि खेळ प्रत्येकाला विचारतो, ‘हवं की नको?’ मी दर वेळी ‘नको’ दाबलं. मुलीकडच्यानं द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. वडिलांनी आक्काच्या सासरी कधी पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावला नाही. तहान लागली तर बाहेर येऊन एसटी स्टँडवर प्यायचे.

‘घ्या की अण्णा, धनुष्य आहे, तुमच्याच कामाचं,’ सौम्या म्हणाली. मी नको म्हणालो. जुन्यानंच नेम चुकत होता, नव्यानं वेगळं काय झालं असतं?

१३ जानेवारी

मंगल विचारते, ‘कसा आहे मुलगा?’ मी म्हणालो, ‘आग चांगली फेकतो.’ ती माझ्याकडे बघत राहिली.

१८ जानेवारी, रविवार

आज जंगलात चुकलो. सगळी झाडं सारखी. ते तिघं पुढे गेले. मी उभा राहिलो, कारण पाठशाळेतही चुकलं की मी उभाच राहत असे. थोड्या वेळानं नागेंद्र एकटा परत आला. ‘काका, माझ्या मागनं या. सावकाश.’ पुढे चालताना दर वळणावर थांबत होता. सौम्या जवळ नव्हती, दाखवायला कुणी नव्हतं. नोंद करून ठेवतो.

पुढे मोठी लढाई झाली आणि या खेपेला मल्लिगेच खाली पडू लागली. सौम्या ओरडली, ‘पळा सगळे!’ सगळे पळाले. माझ्याकडे औषधाची एकच बाटली होती. मी काय केलं, तर उलटा तिच्याकडे पळालो आणि ती तिला पाजली. मग आम्ही दोघंही मेलो.

मेल्यावरही लिहिता येतं. तिनं लिहिलं, ‘पळायचं सोडून कशाला आलासा ओ?’

‘माहीत नाही,’ मी लिहिलं. खरंच माहीत नाही.

१९ जानेवारी

नववी पायरी आली म्हणे. कशी, कळलं नाही. मरूनही बढती मिळते. आमच्या पेपरात ही पद्धत नाही.

२५ जानेवारी, रविवार

आज चांगलं चाललं होतं. दोनच वेळा मेलो. निघायच्या वेळी मल्लिगे माझ्यासमोर येऊन थांबली. माझ्यापुढे एक वस्तू आली. पांढरा अंगरखा, काठाला निळी वेल. ‘मीच विणलाय. तुमच्यासाठी.’ त्या जगात मागही आहे, हे नव्यानंच कळलं.

खाली लाल अक्षरं: धनुर्धराला हे वापरता येणार नाही. त्याखाली दोन बटणं. घ्या. नको.

मी ‘नको’ दाबलं. उद्धट वाटू नये म्हणून लिहिलंही, ‘असू दे. आम्ही मुलीकडचे.’

ती अंगरखा घेऊन वळली. गेली. ‘येतो काका’ म्हणून नागेंद्र गेला. सौम्या तेवढी शिंगं आणि ढाल घेऊन उभी राहिली, मग तीही गेली.

काय चुकलं? राक्षस तर मेला होता.

२६ जानेवारी

झेंडावंदनाच्या बातम्या लिहीत होतो, तेवढ्यात सौम्याचा फोन.

‘नको म्हणायचं होतं तर मला म्हणायचं होतं, अण्णा. त्यांच्या तोंडावर कशाला?’

‘कुणाच्या?’

‘मल्लिगे म्हणजे जयाबाई. नागेंद्रची आई.’

खुर्चीवर होतो म्हणून बरं.

बाईंचा दिवस मागावर जातो. रविवारी माग बंद, तेव्हा मुलाबरोबर खेळतात, सौम्याच्याही आधीपासून. त्यांच्या घरात रीत अशी की, ज्याच्याशी नातं जोडायचं त्याला आपल्या हातचं कापड द्यायचं. घेतलं की होकार. परत केलं की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. काल उठून त्या नागेंद्रला म्हणाल्या, ‘त्यास्नी नको हाय. पोरीला आता तरास देऊ नको.’

‘हे सगळं मला आधी का नाही सांगितलंस गं?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही वागून दाखवलं असतं. त्यांनाही माणूस बघायचा होता, तुम्हालाच नाही.’

म्हणजे मी बघायला गेलो नव्हतो. मला बघायला ठेवलं होतं.

‘अगं, पण तो अंगरखा धनुर्धराला चालतच नाही. लाल अक्षरात लिहिलं होतं.’

‘वैद्याचा आहे तो. मीपण त्यांना तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, ह्यो माणूस वैद्यच हाय, चुकून बाण धरलाय.’

वाद घालणार नाही म्हणाली होती, घातला नाही. नागेंद्रशी बोलणं झालंय, थांबायचं ठरलंय, एवढंच म्हणाली. ‘ठीक आहे अण्णा, ठेवते.’

२७ जानेवारी

विचार करतोय. बोट ‘नको’वर गेलं ते रीतीनं गेलं, की मनात तेच होतं आणि रीत हाताशी सापडली? रीत म्हणते, मी मान दिला. पण गोत्र, भाषा, लोक काय म्हणतील — हेही कुठंतरी त्या बोटाच्या मागे उभं असणारच. दोन्ही बाजूंचं म्हणणं घेतलं. पंचाईत ही की दोन्ही बाजू मीच.

मंगलनं निकाल दिला. ‘तुमच्या रीतीनं तुम्ही मान दिलात, त्यांच्या रीतीनं दार लावलंत. आता कुणाची रीत खरी ते छापा पेपरात.’

‘वडगावला जाऊन येऊ का?’

‘जाऊन चहा प्याल का त्यांच्याकडं?’

मी चष्मा पुसायला घेतला.

‘बघा! तिथं जाऊन पुन्हा नकोच म्हणणार. जिथं नको म्हणालात तिथंच जाऊन हवं म्हणा.’

बरोबर आहे. पण हवं म्हणायला हवं असावं लागतं.

२९ जानेवारी

नागेंद्रबद्दल मला खात्रीनं काय माहीत आहे? एक गोष्ट. चुकलेल्या म्हाताऱ्यासाठी परत आला आणि वळणावर थांबला. जयाबाईंबद्दल? मी पडलो तितक्या वेळा उठवलं आणि का पडलास हे विचारलं नाही. इतक्या शांतपणे तर मला लहानपणी पहाटेच्या पाठालाही कुणी उठवलं नव्हतं.

एवढ्यावर मुलगी द्यायची का? आमच्या आजोबांनी याहून कमी माहितीवर दिल्या. पत्रिकेत वळणावर थांबण्याचं घर नसतं.

दुपारी टॅब उघडला. वर्ण बदला. खेळानं विचारलं, नक्की का? जमवलेलं सगळं कौशल्य जाईल, आणि पुन्हा बदलायचा तर पहिल्या पायरीपासून. जमवलेलं असं होतंच काय! एकच गोष्ट. लांब उभं राहून बघायची सोय जाणार होती.

दाबलं. धनुष्य गेलं, हातात काठी आली. देवदत्त वैद्य झाला. देवदत्ताचं वजन तेवढंच राहिलं.

३० जानेवारी

सौम्याला फोन केला. ‘मी वैद्य झालोय. रविवारी जयाबाईंना एकदा बोलाव. म्हणावं, अंगरखा मागायला आलोय.’

तिकडून बारीक आवाजात, ‘अण्णा, त्यांच्यात पुन्हा विषय काढत नाहीत हो.’

‘त्यांनी नको काढायला. मी काढतो.’

‘आणि त्या आल्याच नाहीत तर?’

‘तर मी उभा राहीन. मला सवय आहे.’

हसली की रडली, फोनवर कळलं नाही. मंगलला विचारलं, तर म्हणाली, दोन्ही.

१ फेब्रुवारी, रविवार

दलदलीच्या काठाला काठी घेऊन उभा होतो. बऱ्याच वेळानं मल्लिगे आली. पांढरे कपडे नाहीत. अंगात गंजकं चिलखत, खांद्यावर कुऱ्हाड, डोक्यावर आकडा एक — पहिली पायरी. सगळं सोडून नव्यानं योद्ध्याचा जन्म घेतलेला. तिनं अंगरखा पुढं केला. मी ‘घ्या’ दाबलं. अंगात घातला. बेतशीर बसला.

मग विचारलं, ‘आणि हे काय? कुऱ्हाड?’

तिनं लिहिलं, ‘एका घरात दोन वैद्य कशाला? आता मला तुमी राखा.’