शिवून दिलेला बाप

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्यावरचा माझा राग मात्र अजून धडधाकट आहे. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. तुमच्या शोकसभेत सगळ्यांनी ते पाळलं. मेल्या म्हशीला मणभर दूध. कोणी तुम्हाला या किनाऱ्यावरच्या पोरांचा दीपस्तंभ म्हणालं, कोणी भाग्यविधाता. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. उठून चार शब्द सुनवावेत असं फार वाटत होतं, पण पुढे तुमच्या पत्नी बसल्या होत्या आणि त्यांनी मला कधी दुखावलं नव्हतं, म्हणून गप्प राहिले. आज आमच्या बँकेत मुलाखती होत्या. त्या उरकून घरी आले, चहा केला, आणि तेव्हा जे पोटात राहिलं ते आता लिहायला बसले आहे.

थळच्या अलीकडे तुमची वाडी. नारळी-पोफळीतून आत आलं की मोठी ओटी, तिच्यावर झोपाळा, आणि झोपाळ्यावर तुम्ही सुपारी कातरत बसलेले. बँकांच्या मुलाखतींची तयारी तुमच्याइतकी चांगली अलिबागपर्यंत कोणी करून घेत नाही असा तुमचा लौकिक. मी उरणकडची, करंजाहून तरीने रेवसला उतरायचं आणि पुढे एसटी धरायची. इंग्रजी तुम्ही खरंच चांगलं शिकवायचात, ते नाकारत नाही. पण तुमचं खरं कसब वेगळंच होतं. मुलाखतीत घरच्यांविषयी विचारतात, म्हणून तुम्ही प्रत्येकाला समोर उभं करायचात, शिंप्यासारखं वरपासून खालपर्यंत बघायचात आणि त्याच्या मापाचा बाप शिवून द्यायचात. दुसऱ्याच्या होडीवर खलाशी असेल तर तो 'मत्स्य निर्यात क्षेत्रात'. ट्रेलरवर क्लीनर असेल तर 'वाहतूक व्यवसायात'. माझे बाबा दुसऱ्याच्या मिठागरात मजूर होते. तुम्ही क्षणभर डोळे मिटलेत आणि म्हणालात, "माय फादर इज इन सॉल्ट बिझनेस. म्हण." मी म्हटलं. "अजून एकदा. मान वर करून." मान वर करूनच म्हटलं.

एप्रिल संपत आला होता. घरोघरी अगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची गडबड चालली होती. आमच्याकडे रीत अशी की ज्याचे उपकार आहेत त्याच्या घरी अगोटीचं मीठ पोचवायचं, तेही त्या हंगामातलं सगळ्यात पांढरं आणि जाड. बाबा ते गोणीत घालून, तरीने आणि पुढे एसटीने, भर दुपारी तुमच्या ओटीपर्यंत आले. आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसलो होतो. तुमच्याकडे मुंबईहून कोणी बँकेतले गृहस्थ आलेले होते. बाबा पायरीखाली उभे राहून म्हणाले, "सर, अगोटीचा मीठ हानलाय. पोरीला जरा चांगला शिकवा." तुम्ही त्यांच्याकडे न बघताच म्हणालात, "मागच्या दाराला ठेव." आणि पाहुण्यांना सांगितलंत, "आमचा मीठवाला. दरवर्षी येतो." दरवर्षी! तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या दारात आला होता. मला कळत होतं तुम्ही असं का बोललात. तुम्ही मला शिवून दिलेला बाप आणि हा घामाने भिजलेला बाप, दोघं एका ओटीवर मावत नव्हते. बाबा "व्हय व्हय" म्हणत गोण घेऊन वळून मागे गेले. त्या वर्षीचं लोणचं तुम्ही माझ्या बापाच्या मिठात घातलंत आणि वर्षभर चवीने खाल्लंत, हे मी विसरलेले नाही.

मग मुलाखतीचा दिवस. बँक मोठी, पदवीधरांची भरती मोठी, लेखी परीक्षा आणि गटचर्चा मी पार केलेल्या. बाबा हट्टाने बरोबर आले. मोरा बंदरावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि ते म्हणाले, "मी हितंच बसतो. थय माझा काय काम?" आत तीन माणसं. मधल्यांनी घरचं विचारलं आणि मी मान वर करून तुमचं वाक्य टाकलं. ते खूश झाले. आमच्या बँकेची त्या धंद्यात बरीच कर्जं आहेत, म्हणाले. मग विचारलं, पावसाळ्यात मीठ सांभाळता कसं? हे मला तोंडपाठ. मी सांगू लागले: बांधावर मिठाचे ढीग घालायचे, पेंढ्याने शाकारायचे, बाबा स्वतः शाकारतात, वरून पाणी मुरलं तर अर्धा ढीग विरघळतो, पायांना चिरा पडतात म्हणून ते चिंध्या बांधून उतरतात. बोलता बोलता मला जरा बरंही वाटायला लागलं होतं. मधले गृहस्थ पुढे झुकले. "मालक स्वतः चिंध्या बांधून उतरतात?" मी हो म्हणू की नाही? हो म्हटलं तर तुम्ही शिवलेला बाप खोटा, नाही म्हटलं तर माझा. त्यांनी कागद बाजूला केले आणि, वाईट वाटून न घेता ऐक, असं म्हणून सांगितलं, की पैशाच्या जागी बसायचं तर माणूस खरं बोलणारा लागतो. धक्क्यावर बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली. "काय इचारला गो?" मी म्हटलं, तुझंच विचारलं. ते हसायला लागले. "माझा काय इचारायचा? मी काय बँकेत जातो?"

तुमच्याकडे मी रडायला आले नव्हते, सर. विचारायला आले होते की आता काय करू. तुम्ही झोपाळ्याला पायाने झोका दिलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "मी बाप चांगला दिला होता. तुला तो पेलवला नाही. तुमच्या जिभेवरचं मीठ जायला अजून दोन पिढ्या लागतील." ओटीवर सगळे हसले, ज्यांचे बाप तुम्ही शिवून दिले होते तेसुद्धा. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे कान तापतात.

पुढच्या वर्षी त्याच बँकेत पुन्हा अर्ज केला. तुमच्याकडे फिरकले नाही. या खेपेला मुलाखतीला एक बाई होत्या. वडील काय करतात? दुसऱ्याच्या मिठागरात मजुरी करतात. त्यांनी मान डोलावली आणि व्याजदराचा प्रश्न विचारला. एवढंच होतं, सर! ज्याच्यासाठी तुम्ही माझ्या बापाला मागच्या दाराने घालवलंत, ते एवढंसंच होतं. मला नोकरी लागली आणि महिन्याभरात रेवसच्या स्टँडवर तुमच्या क्लासचा फलक लागला. मधोमध माझा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. खाली लिहिलेलं, आमची यशस्वी विद्यार्थिनी, मीठ व्यावसायिकाची कन्या. बाबांना कोणीतरी वाचून दाखवलं. ते त्याच्याखाली फोटो काढून आले. "बघ, सरांनी मना येपारी केला. आता मालकाला दावतो." ते हसत होते आणि मला तो फलक दातांनी फाडावासा वाटत होता. मी ठरवलं, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन तुमच्याकडे यायचं, बाबांना तुमच्या शेजारी झोपाळ्यावर बसवायचं आणि तुमच्या तोंडून म्हणवून घ्यायचं की हा माणूस कोण आहे. पगाराला आठवडा उरला असताना तुम्ही वाडीत चक्कर येऊन पडलात ते उठलाच नाहीत. लोक म्हणतील सुंठीवाचून खोकला गेला. मला तो असा जायला नको होता. मला तुम्ही जिवंत हवे होतात, चांगले ठणठणीत, माझ्यासमोर.

आता मुलाखती घ्यायला मी बसते. हल्ली पोरं मोबाईलवरून अर्ज करतात, परीक्षा संगणकावर देतात, आणि शेवटी माझ्यासमोर येतात. तुमचा क्लास तुमचा मुलगा चालवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आपल्या किनाऱ्यावरचं पोरगं आत आलं, मान वर करून बसलं, की मला आधीच कळतं. 'वाहतूक व्यवसायात', 'निर्यात क्षेत्रात'. तुमची शिलाई मी लांबून ओळखते. मग मी टेबलावर हात ठेवून अगदी गोड आवाजात दुसरा प्रश्न विचारते. गाड्या कोणत्या? माल कुठे उतरतो? टाके कुठे घातलेत ते मला माहीत आहे, एक धागा ओढला की झालं. पोरांचे चेहरे उतरतात. मला वाटतं, बघा सर, तुमचं काम माझ्या टेबलावर कसं उसवतंय. आणि हे मनातून आवडतं मला.

आज थळची एक मुलगी आली. कोळ्याची. परीक्षेत सगळ्यांत वरचे गुण. ओढणी नीट पिन केलेली, हात मांडीवर. "माय फादर इज इन मरीन एक्सपोर्ट." माझा सहकारी खूश झाला. मी विचारलं, माल कुठल्या देशात जातो? ती थांबली. मी विचारलं, बर्फ कुठून घेता? होड्या किती आहेत? तिच्या ओठावर घाम आला. मला थांबता आलं असतं. मी अजून एक विचारला. तेव्हा ती इंग्रजी सोडून सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, माझा बापूस दुसऱ्याच्या होडीव खलाशी हाय. असा बोलायचा न्हाय म्हनून सरांनी सांगितलं." मी खुर्चीत मागे टेकले. हेच तर ऐकायचं होतं. सहकाऱ्याला मराठी नीट कळत नाही, तो दोघींकडे आळीपाळीने बघत होता. पण तिचं संपलं नव्हतं. "तुमाला पहिल्यापासून ठावं होता ना? मंग इचारत का व्हता?"

सर, मी व्याजदराचा प्रश्न विचारला. तिने तो बिनचूक सोडवला, पण आवाज शेवटपर्यंत कापत होता. मी तिला पूर्ण गुण दिले. ती काय म्हणाली ते माझ्याकडून समजून घेतल्यावर सहकारी म्हणाला, मुलगी घाबरट आहे, शिवाय खोटं बोलली, तिच्या हातात लोकांचे पैसे कसे द्यायचे? मी भांडले, आवाज चढवला, माझा हुद्दा वापरला, आणि तिचं नाव निवडीत घातलं. मी बाहेर आले तेव्हा जिन्याशी तिची गाठ पडली. तिला अजून निकाल माहीत नव्हता. तिने नमस्कार केला नाही, नजर फिरवून उतरून गेली. मी खोलीत परतून खिडकीतून बघितलं, तर तिचा बाप खाली फाटकाशी उभा होता. ती त्याला काहीतरी म्हणाली आणि दोघांनी एकदम वर माझ्या खिडकीकडे बघितलं.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या मुलाला द्यावं असं मनात येऊन गेलं, पण तो ते क्लासमध्ये वाचून दाखवील आणि पुढच्या पोरांना दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर पाठ करायला लावील. म्हणून राहू दे. उद्या पुन्हा मुलाखती आहेत आणि पहिला मुलगा तुमच्याच क्लासचा आहे. इतकं सगळं लिहून झाल्यावर त्याला तो दुसरा प्रश्न विचारणार नाही असं म्हणायला हवं. तसं म्हणून बघितलं, सर. आत्ताच, मोठ्याने. म्हणवलं नाही.