परत आलेल्या गोळ्या

प्रिय खारूताई,

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. लोकरीचे दोन गुंडे, नव्या काड्या लावलेला माझा चष्मा, बाबांचे मोजे आणि तळाशी कागदात गुंडाळलेला श्वासाचा पंप, सीलसुद्धा न फोडलेला, अन् ॲलर्जीच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या. टपालाला तुला बेचाळीस पडले हे तिकिटांवरून दिसलं. काड्यांचे पैसे तू नको म्हणालीस तरी मी देणार. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, ‘बाबांना चालतील, वाया कशाला घालवायच्या.’ शिकवण माझीच, त्यामुळे धड रागावताही येईना. तुझे बाबा शिंकले की शेजारचं मांजर पळतं हे खरं, पण म्हणून कुणी त्यांना या गोळ्या लिहून दिलेल्या नाहीत.

पाचवा महिना लागला तुला, आणि औषधं तू बंद केलीस. फोनवर ‘मी बरी आहे गं’ म्हणतेस आणि विषय बदलतेस. पण चार शब्दांनंतर थांबतेस, आणि त्या थांबण्यात छातीतली शिट्टी मला इथवर ऐकू येते. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मधेच तोडता येत नाही.

दोष माझा आहे. गेल्या महिन्यात मी तुला ते कात्रण पाठवलं, ॲलर्जीची औषधं आणि बाळातलं व्यंग यांचा संबंध आढळल्याचं. सोबत एक ओळही नाही, नुसती तांबड्या पेन्सिलीची रेघ. कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या कागदातून ते कापलं होतं. वरची तारीख मी कात्रीनं उडवली, कारण पाकिटात बसेना. आणि पाकीट लहान घेतलं, कारण मोठ्याला तिकीट जास्त. उरलेला कागद काल बघितला. बारा वर्षांपूर्वीचा! काटकसर करताना अक्कलही वाचवली मी.

का पाठवलं, तेही सांगते. तुझा दादा फाटलेला ओठ घेऊन जन्मला हे तुला त्याच्या टाक्यांवरून माहीत आहे. बाळंतिणीच्या खाटेपाशी उभं राहून तुझी आत्या काय म्हणाली ते माहीत नाही. ‘चार शिंका सोसवल्या नाहीत महाराणीला, गिळल्या गोळ्या. भोगा आता!’ कुणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही, कारण मला ते पटलं होतं. मी त्या गोळ्या खरंच घेतल्या होत्या. चौतीस वर्षं रोज देवापुढे तेवढ्या एकाच गोष्टीची क्षमा मागत आले. देवालाही कंटाळा आला असेल, पण त्याने कधी तोंडावर दाखवलं नाही.

बुधवारी तुझ्या पट्ट्या आणि पंप घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तुझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, काही पाहण्यांत असे संबंध दिसले होते, पण पुढे खूप जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यातले बरेचसे टिकले नाहीत. सगळी औषधं एका माळेतली नसतात, म्हणून नाव बघूनच बोलावं. पण आईला श्वास पुरेना झाला तर बाळालाही पुरत नाही, यात मात्र वाद नाही. मग सहज विचारलं, ‘काकू, तुम्ही गोळ्या कोणत्या महिन्यात घेतल्या?’ मला सांगता येईना. तो प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता, मी स्वतःसुद्धा.

घरी येऊन त्या वर्षाची वही काढली. रंगाऱ्याची मजुरी, त्याखाली चुना, त्याखाली ‘शिंकांच्या गोळ्या, दहा’. दिवस राहिल्यापासून त्याआधी कुठेच गोळ्या नाहीत. घर रंगवायला काढलं तेव्हा मला आठवा सरत आला होता. लगेच परत गेले, पदराला तोंड पुसत. बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, ‘काकू, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून येतो. तुम्ही पहिली गोळी घेतलीत तेव्हा जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं.’ मग कशाने झालं? तर म्हणाल्या, ‘पुष्कळदा कळत नाही.’ असं सरळ सांगणारी मला आजवर भेटली नव्हती.

रात्री जेवताना तुझ्या दादाला सांगितलं. लिफ्ट दुरुस्त करून ग्रीसचे हात धुऊन बसला होता. हसला आणि म्हणाला, ‘आई, ओठाचं मला काहीच वाटलं नाही गं कधी. तू माझ्याशी बोलताना डोळ्यांत न बघता ओठाकडे बघायचीस, त्याचं वाटायचं.’ आणि भात वाढून घेतला.

तर आता ऐक. पहिले तीन महिने तू त्या गोळ्या घेतल्यास, आणि आता मनातल्या मनात बाळाची बोटं मोजत बसली असशील. ते मला करू द्यायचं नाहीये तुला. मी माझ्या लेकराकडे चौतीस वर्षं गुन्हा बघावा तसं बघितलं. तू तुझ्या लेकराकडे तसं बघू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र. पंप आणि पट्ट्या वेगळ्या पार्सलने, पोच घेऊन परत पाठवल्यात. माझ्या शब्दावर काही घेऊ नकोस, माझ्या कात्रणावर काही सोडूही नकोस. पार्सल हातात पडेल त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरांपुढे दोन्ही ठेव, ‘मधे बंद केलं होतं’ हे न लपवता सांग, आणि त्या काय म्हणाल्या ते एकेका औषधाचं नाव घालून मला उलट टपाली कळव. पाकीट हवं तेवढं मोठं घे.

तुझीच, आणि या वेळी तारीख घालून,
आई
शुक्रवार, सतरा तारीख