न लिहिणारा हायलायटर

७ जुलै
राष्ट्रीय आपत्ती. प्रुफं अर्धवट आणि हायलायटर कोरडा. लेकीच्या, रेवाच्या सॅकमधला घेतला, तर तोही लिहीना. टोपण काढलं की आंब्याचा वास. अकरावीला आता वासाचे हायलायटर लागतात, वा!
रेवा सगळं कॉलेजसमोरच्या देवेनशेटकडून आणते. तिथे नेऊन आपटला. "लिहीत नाही हा." 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तिथे देवाच्या फोटोहून मोठी. तरी शेटने तो हातातून ओढलाच, गल्ल्यामागे टाकला, नवा दिला. "राहू द्या मॅडम, पैसे नकोत."
पुण्यातला दुकानदार चूक मान्य करतोय. नक्की काहीतरी भयंकर आहे.

८ जुलै
आहेच. रेवाला खोदून विचारलं. आधी "चिल ना आई," मग रडली. व्हेप होतं ते, हायलायटरच्या रूपातली ई-सिगारेट. शेट वय विचारत नाही, फ्लेवर विचारतो. जी वस्तू देशात कुणालाच विकता येत नाही, ती सोळा वर्षांच्या पोरीला, वह्यांच्या शेजारी ठेवून!
जिन्यात धापा टाकायची. मी म्हणायचे, मोबाइल कमी कर. थोर निदान.

९ जुलै
उपप्राचार्य : "आमच्या आवारात असलं काही नाही. रस्ता पालिकेचा." म्हणजे पोरांची फुप्फुसं गेटपर्यंतच कॉलेजची.
चौकी. हवालदार : "वस्तू कुठंय?"
"त्यालाच परत दिली."
पेन खाली ठेवलं त्यांनी. "पुरावा स्वतः नेऊन दिलात, ताई?"
हो. वर बदल्यात हायलायटर घेऊन आले.
"मुलीला आणा. ती सांगू दे."
रेवा : "वर्गात सगळ्यांना कळेल. मी येणार नाही." दार आपटलं. राग कुणाचा, निघतोय कुणावर...

११ जुलै
अबोला. दुपारी कपडे घडी करता करता एकदम म्हणाली, "वर्गातली मृण्मयीपण ओढते. तिला दमा आहे. शेटला माहितीय."
ओठावर आलेला टोमणा गिळला. कठीण गेलं.
"उद्या येते चौकीत. पण तू मध्ये टोमणे मारायचे नाहीत."
कबूल. येईल का, सकाळी कळेल.

एक काम उरलं होतं. संध्याकाळी दुकानात गेले. काउंटरवर गणवेशातल्या दोन पोरी, समोर रंगीत हायलायटरांची ओळ. यातले किती लिहितात, देव जाणे.
"या मॅडम, काय देऊ?"
तीस रुपये ठेवले. "त्या दिवशीच्या हायलायटरचे."
"अहो, कशाला?"
"तुमचं फुकट काही नको." पैसे त्याने उचलेपर्यंत तिथेच उभी राहिले.