जुना पायथन काढला

९ जून
घणसोलीच्या आमच्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर एकच. विंडोज नाही, लिनक्सवाला. महाप्याला सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या संघमित्राने बसवून दिलाय. पासवर्ड मात्र माझ्याकडे, कारण समितीत कॉम्प्युटरमधलं कळणारा मीच. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या फॅक्टरीत स्टोअरची एक्सेल शीट कोण सांभाळतं?
संकल्प: जुन्या प्रश्नपत्रिकांचे फोटो वाचून आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर टाकायचं. पायथन नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं आहे. फुकट. मुलं नाव काढतील.

१० जून
इन्स्टॉल होईना. स्क्रीनवर सूचना: हा पायथन सिस्टीमचा आहे, त्यात काही टाकू नका, वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा, बनवा. संघमित्राला फोन केला. तीही तेच म्हणाली. दोन ओळींचं काम आहे काका, पण सिस्टीमच्या पायथनला हात लावू नका, अर्धा कॉम्प्युटर त्याच्यावर चालतो. हो म्हटलं.
मग विचार केला, घरात चांगला पायथन असताना दुसरा कशाला थाटायचा? सूचनेतच खाली पळवाट दिली होती: 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस'. म्हणजे सिस्टीमचे भाग मोडा. नाव जरा भीतीदायक आहे. अशी नावं नवशिक्यांसाठी असतात. टाकलं. झालं इन्स्टॉल.

११ जून
सॉफ्टवेअर चालतंय. 'भूगोल'चं 'भूगोळा' वाचतं, पण चालेल. प्रिंटरची सेटिंग उघडत नाहीये. अपडेटही होत नाहीये. योगायोग असावा.
अक्षता विचारून गेली, कॉम्प्युटर चालू आहे ना. दिवसभर सीवूडच्या कपड्यांच्या दुकानात उभी असते, संध्याकाळी इथे बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. फॉर्म उद्या इथूनच भरणार, परवा शेवटची तारीख. म्हटलं, बिनधास्त ये, मी आहे.

१२ जून, संध्याकाळ
निदान झालं: जुनी आणि नवी पॅकेजेस एकमेकांत भांडतायत. उपाय सोपा. जुना पायथन काढून टाकायचा, मग नवा कोरा घालायचा. काढताना त्याने विचारलं, सोबत हे सगळं जाईल, चालेल का? खाली भलीमोठी यादी. एवढं कोण वाचतं. वाय, म्हणजे यस, दाबलं.
बराच वेळ काहीतरी जात राहिलं.
रीस्टार्ट केलं. काळी स्क्रीन. ना चित्र, ना माउस.
तेवढ्यात अक्षता आली. व्होल्टेजचा प्रॉब्लेम, म्हटलं. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "काका, तुमी टेन्शन घेऊ नका." आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. तो प्यायलो.

१३ जून
संघमित्राचे फोन. उचलले नाहीत. मीटिंगमध्ये होतो असं सांगता येईल.
मीटिंग खरंच झाली, समितीची. अध्यक्ष पंढरीनाना म्हणाले, व्होल्टेजमुळे पोरांचं नुकसान होतंय, स्टॅबिलायझर घेऊ. सुधीरने, म्हणजे मी, दोन दिवस किती खटपट केली, तेही बोलले. टाळ्या वाजल्या. खरं सांगायला हीच वेळ होती. मी स्टॅबिलायझर कुठला चांगला ते सांगितलं.

१५ जून
संघमित्रा सुट्टीच्या दिवशी येऊन सगळं नव्याने घालून गेली. एकच विचारलं, काका, पायथन काढला होता का? बहुतेक निघाला, म्हटलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. पासवर्ड बदललाय. नवा मला दिला नाही, मीही मागितला नाही.
अक्षताने फॉर्म शेवटच्या दिवशी सायबर कॅफेतून भरला. तोवर जवळची परीक्षा सेंटर भरली होती. नाशिक मिळालं. तरी सगळ्यांना सांगत होती, काकांनी खूप प्रयत्न केले.


१६ जून
सांगितलं तिला. व्होल्टेज वगैरे काही नव्हतं, मीच केलं. पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "तर मग स्टॅबिलायझर कशाला आणतायत?"
म्हटलं, नानांना आजच सांगतो. आणि नाशिकची काळजी करू नकोस, मी सोबत येतो, गाडीचं बुकिंगही ऑनलाइन मीच करून देतो.
"या सोबत," म्हणाली. "बुकिंग मी करते."