वॉकीवर 'अहो' म्हणायचं नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

मुकादम दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तेवढीच शांतता!

झालं असं— शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, प्लेटांचा गठ्ठा बांधून हुकाला लावला होता. वर क्रेनच्या कॅबिनमध्ये हे, खाली सिग्नल द्यायला मी. 'उचला' म्हणणार, तेवढ्यात गठ्ठ्यावरचं प्लास्टिक फडफडलं. वॉकीवर विचारलं, वर वारा कसा आहे? जरा थांबून उत्तर आलं, "आहे. पण चालेल."

यांचं 'चालेल' मला पुरतं ठाऊक आहे. दाढ सुजून गाल टम्म झाला होता तेव्हाही चालेलच होतं! मी म्हटलं, उचलायचं नाही.

मुकादम तणतणत आला. "अहो वहिनी, झाडाचं पान हलत नाहीये!" म्हटलं, पान खाली आहे, प्लेटा वर जायच्यात. एवढ्या रुंद प्लेटा म्हणजे वाऱ्याला आयतं शीड. एकदा गरगरायला लागल्या की दोरी धरणाऱ्या माणसालाच फरफटत नेतील.

दुपारी वावटळ उठली. यांनी काम थांबवून क्रेनचा हात मोकळा सोडला. तो आपला वाऱ्याबरोबर फिरत राहिला, म्हणजे क्रेनवर वाऱ्याचा जोर येत नाही. मुकादम उडालेली टोपी शोधत होता. मी हसून घेतलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. "आई, दिवसभर बाबांना हुकूम सोडायला कसं वाटतं गं?" कसं वाटणार! घरी एक शब्द ऐकत नाहीत, इथे ऐकावंच लागतं. डावीकडे. हळू. अजून थोडं. बास. आणि बास म्हटलं की बास! घरातही एखादा वॉकी हवा होता.

इमारतीच्या मागच्या बाजूला माल उतरवताना यांना काही म्हणजे काही दिसत नाही. मध्ये सगळी भिंत. तिथे माझेच डोळे यांच्या कामाला. मी म्हटलं हातभर खाली, की हातभरच खाली. जराही जास्त नाही. एवढा विश्वास माझ्या सख्ख्या आईने माझ्यावर कधी टाकला नाही.

सेफ्टीच्या बाईंचा नियम— वॉकीवर 'अहो' म्हणायचं नाही, 'अगं' म्हणायचं नाही. तिथे नवरा-बायको नाहीत. सिग्नल आणि ऑपरेटर, विषय संपला. बरोबरच आहे त्यांचं. सगळी साइट ऐकत असते. सुरुवातीला मी एकदा विचारलं होतं, "अहो, डबा खाल्लात का?" तर प्रत्येक मजल्यावरून खिदळणं ऐकू आलं. त्या दिवसापासून यांनी नियम कधी मोडला नाही. मी दोनदा मोडला.

यांना वर फार बरं वाटत असणार. सकाळी शिडीला हात लावला की मागे वळून बघत नाहीत. सरळ चढतात. वरचा राजा आहे माझा नवरा!

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. कपाट खिडकीपासून हलवायचं कधीचं मनात होतं. हे ढकलायला, मी सांगायला. "डावीकडे. हळू. बास." हे थांबले. चेहरा वाकडा झाला. "काय झालं?" "पायावर आहे." "अहो, मग सांगायचं ना!" "तू बास म्हणालीस."

हसून हसून माझं पोट दुखलं. यांचा अंगठा दुखला. दुपारभर दोघंही लोळलो. आता खिडकीतून पार भिंतीपर्यंत ऊन येतं. आणखी काय हवं माणसाला?

११ फेब्रुवारी, बुधवार

आज तालीम झाली. ऑपरेटर वर आजारी पडला तर त्याला खाली कसं आणायचं, याची. मुकादमाने बाईंना विचारलं, "आजवर कोणी पडलंय का आजारी?" बाई म्हणाल्या, "नाही. म्हणून कोणाला येत नाही ना."

माणसाच्या जागी वाळूचं पोतं. त्याला हेल्मेट घातलं, जाकीट घातलं. लंबूने— आमचा गठ्ठे बांधणारा, पट्टे लावणारा— त्याचं नाव ठेवलं 'पाहुणे'. पाहुण्यांना वर चढवलं, स्ट्रेचरमध्ये आवळलं आणि दोरीने खाली सोडायला लागले. अर्ध्यावर स्ट्रेचर शिडीच्या लोखंडाला अडकलं. ओढलं तर पोतं फाटलं. सगळी वाळू मुकादमाच्या डोक्यावर! अख्खी साइट हसली. हे तर कॅबिनच्या काचेतून बघत होते.

बाई हसल्या नाहीत. "पाहुण्यांच्या जागी माणूस असता तर?" मग दुसरं पोतं. या वेळी स्ट्रेचरला एक जास्तीची दोरी बांधली. खालून एकाने ती बाहेरच्या बाजूला ताणून धरायची, म्हणजे स्ट्रेचर लोखंडापासून लांब राहतं. पाहुणे अलगद खाली आले. मुकादम कानातली वाळू काढत म्हणाला, "अर्धा दिवस फुकट गेला."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक जण मोबाइलवर बोलत बोलत थेट लटकत्या सळ्यांच्या भाऱ्याखाली निघालेला. अशी शिट्टी मारली की तो, त्याचा मोबाइल आणि मुकादम, तिघंही उडाले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. हे आत झोपलेत. लिहिल्याशिवाय हात स्वस्थ बसायचे नाहीत.

जेवणानंतर प्लेटांचा गठ्ठा उचलला होता. हवा शांत. चौथ्या मजल्यावर माणसं घ्यायला उभी. मी म्हटलं, डावीकडे. क्रेन हलली आणि मधेच थांबली. परत म्हटलं, डावीकडे. काही नाही. मग वॉकीवर आवाज आला— "अगं—"

एवढंच. नियम मोडणारा माणूस नाही हा!

"काय होतंय?"

"कंबरेत कळ... पोटात येतेय... बसवत नाही."

आधी शिडीकडेच धावले. दोन पावलं गेलेही. पण डोक्यावर एवढा गठ्ठा, खाली माणसं. मी वर गेले तर इथून यांना सांगणार कोण? परत फिरले. शिट्टी मारली. खालचे सगळे बाहेर व्हा! चौथा मजला, मागे सरका! आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्याने मुकादम ओरडला. माणसांना दंडाला धरून धरून बाहेर काढलं त्याने.

बाई धावत आल्या. वॉकी माझ्याकडून घेतला नाही. म्हणाल्या, "तुम्हीच बोला. त्यांना तुमच्या आवाजाची सवय आहे."

मी म्हटलं, "कळ आली की लिव्हर सोडून द्या. क्रेन आहे तिथे थांबेल. घाई नाही. ओसरली की हं म्हणा." मग नुसतं थांबायचं. वर मान करून उभी. गठ्ठा तिथेच लटकलेला, जरासा झुलत. वॉकीत यांचा श्वास ऐकू येत होता.

"हं."

"उजवीकडे. हळू. बास."

पुन्हा कळ. यांचं कण्हणं सगळ्या साइटने ऐकलं. पुन्हा थांबलो.

"हं."

"खाली. हळू. अजून. अजून. हातभर. बास."

गठ्ठा मोकळ्या जागेत टेकला. लंबूने पट्टे सोडले. तेव्हा कुठे मला श्वास घ्यायचं सुचलं.

शिडीने उतरणं शक्यच नव्हतं, यांना ताठ उभं राहता येईना. लंबू आणि त्याचा जोडीदार स्ट्रेचर घेऊन चढले. यांना आवळून बांधलं आणि सोडायला सुरुवात केली. खालची दोरी, स्ट्रेचर लांब धरणारी, ती मी कोणाला दिली नाही. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला द्या." म्हटलं, "नाही. माझ्या हातून सुटणार नाही." मग माझ्या पाठीमागून कोणीतरी तीच दोरी धरली. वळून पाहिलं तर मुकादम.

हळूहळू खाली आले हे. डोळे गच्च मिटलेले. जमिनीला टेकले, मी वाकले, तर म्हणतात काय— "गठ्ठा नीट बसला ना?"

रडले मी. सगळ्यांसमोर. 'अहो, अहो' एवढंच म्हणत राहिले. वाकताना छातीवरच्या वॉकीचं बटण दाबलं गेलं होतं! साइटभर ऐकू गेलं असणार. कोणी हसलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मुतखडा!

हृदय नाही, आणखी भलतंसलतं काही नाही— मुतखडा! नाचावंसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसात पाणी किती पिता? हे छताकडे बघायला लागले. शेवटी म्हणाले, "वर संडास नाही. पाणी प्यायलं की उतरावं लागतं. उतरलं की काम थांबतं, की खालून ओरडा." म्हणून पाणीच कमी प्यायचं. वर्षानुवर्षं! डबा रोज मी भरते, बाटलीही मीच भरते. बाटली भरलेली परत यायची, तर मला वाटायचं वर नळ असेल. क्रेनवर नळ! माझ्या अकलेला काय म्हणावं?

सेफ्टीच्या बाई भेटायला आल्या. त्यांना हे सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "वारा मोजला, पट्टे तपासले. माणसाला लघवीला कधी जाता येतं, ते मात्र विचारलं नाही."

२२ फेब्रुवारी, रविवार

घरी आणलं. लेक आलीय, बापाला ग्लासावर ग्लास पाजतेय. "बास," म्हणतात हे. पण ती सिग्नल कुठे मानते!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

यांच्या जागी नवी ऑपरेटर आलीय. पोरसवदा आहे, पण हात हलका. प्रत्येक वेळी उचलण्याआधी विचारते, "काकू, खाली कोणी नाही ना?" मला आवडली. आता दिवसातून ठरल्या वेळी क्रेन थांबते, ती खाली येते, पाणी पिते, मोकळी होते. यांचं दुखणं बरं झालं की दोघं आलटून पालटून वर बसतील. मुकादम स्वतःच ओरडतो, "चला, थांबवा, पाण्याची वेळ!" जसं काही त्याच्याच डोक्यातून निघालं!

घरी गेले तर यांनी भाजी केली होती. खारट. दोनदा वाढून घेतली.

५ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ठणठणीत. सोमवारी कामाला जायला हरकत नाही. लेक परत गेली. मी खूश. नवी पोरगी गुणी आहे, पण वॉकीवर यांचा तो खर्जातला 'हं' नाही, तर दिवस अळणी जातो. यांना म्हटलं तसं. हसले.

९ मार्च, सोमवार

हे आज पुन्हा कामावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिडीशी आले, हात लावला आणि तसेच उभे राहिले.

"दुखतंय का?"

"नाही." माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला उंचीची भीती वाटते गं."

"त्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुझा आवाज सुरू झाला की हात चालायचे, म्हणून निभलं."

मी यांची बोटं एकेक करून शिडीवरून सोडवली. म्हटलं, नाही चढायचं.