ओल्यात की सुक्यात

५ जानेवारी

धाकटीला,
थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद आणि दंडाला एक चिमटा. वि. वि.

आमच्या गल्लीत नगरपालिकेने घरटी दोन डबे दिलेत. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात सुका. सांगायला आलेले साहेब गळ्यात शिट्टी अडकवून आले होते आणि दर वाक्याला फुंकत होते, जशा काही आम्ही बायका कवायतीला उभ्या. मी हात वर करून विचारलं, साहेब, माझ्यासारखी म्हातारी विधवा ओल्यात की सुक्यात? सगळी गल्ली फिदीफिदी हसली. साहेब कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, आजी, तुम्ही सुक्यात. म्हटलं बरं झालं बाई, निदान वास तरी मारणार नाही.

पण पुढे ते जे बोलले ते ऐकून माझं हसू आटलं. सगळ्यांनी वेगळा दिला तर ओल्याचं खत होणार, सुका कारखान्यात जाणार, आणि कचराडेपोवर जाळायला काही उरणारच नाही. कचराडेपो म्हणजे तुझ्या परसामागचा तो डोंगर गं! कचरा आमचा, धूर तुमचा, आणि खोकला माझ्या भाऊजींना. हे मला आत टोचत होतं, तुझ्याशी बोलायची लाज वाटायची.

तर मी पदर खोचलाय. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळवून देते. शेजारीण म्हणते, एवढं तर तुम्ही स्वतःचे केस धूत नाही. प्रत्येक पिशवीला सासूबाईंची गाठ मारते, तीच, जी आपल्या दोघींशिवाय कुणाच्या बापाला सुटत नाही. तू डोंगरावर लक्ष ठेव आणि धूर कमी झाला का ते कळव.

भाऊजींना म्हणावं, तुझ्या पत्राखाली त्यांच्या त्या दोन खोडसाळ ओळी हव्यातच, नाहीतर मला पत्र अळणी लागतं.

माया आहेच, तिला काजळी धरू देऊ नकोस.
तुझी थोरली


१९ जानेवारी

ती. जाऊबाईंना,
धाकटीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. सुक्यातल्या आजीवर खूप हसले. इकडे धूर बराच कमी आहे. ह्यांना झोप लागते, जेवतातही बरं. डोंगरही खचल्यासारखा वाटतो. तुम्ही फार दगदग करू नका, गुडघ्यांना जपा.

ह्यांच्या ओळी पुढच्या पत्रात. सध्या जरा कामात आहेत.

आहे तशीच पाखर राहू द्या.
तुमची धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटीला,
आशीर्वाद, चिमटा राखून ठेवलाय. वि. वि.

आधी बढाई मारून घेते. अख्खी गल्ली सुधारली. शिंपीणबाई कापडाच्या चिंध्या भाजीच्या देठांत कोंबायची. मी तिच्या दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हटलं, देठांना झबली शिवतेस का गं? दुसऱ्या दिवसापासून तिचे डबे आरशासारखे. मास्तरीणबाईंनी बरेच दिवस नाक मुरडलं, शेवटी माझ्याकडून गाठ शिकून गेल्या. आता गल्लीभर आपल्या सासूबाईंचीच गाठ. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, थोरलीने माझं नाव कचऱ्यात घातलं.

आता तुझं. तुझ्या पत्राला धुराचा वास येतो. मी उशाखाली ठेवलं तर उशीलाही लागला. शेगडी तुझी गॅसची, विडी भाऊजी ओढत नाहीत, मग हा वास कुठला? आणि भाऊजी कामात? अगं, तो माणूस लग्नात हारसुद्धा दुसऱ्याने उचलून हातात दिला तेव्हा घालणारा! दोन ओळी लिहिता येत नाहीत एवढं कसलं काम निघालं?

मला बनवू नकोस. मी बनवणाऱ्यांची आई आहे. खरं लिही.

तुझी वाट बघणारी
थोरली


८ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंना,
नमस्कार. वि. वि.

मला माफ करा. धूर एक दिवसही थांबला नाही. उलट वाढला.

तुमच्या पिशव्या मी रोज बघत होते. गाठ लांबूनही ओळखू येते. घंटागाडी येते आणि ओलं, सुकं, सगळं एकाच ढिगावर ओतलं जातं. मला खरं वाटेना म्हणून एक दिवस जाऊन दोन पिशव्या सोडल्या. एकीत भाजीची देठं, दुसरीत धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, नीट घड्या घातलेल्या. दोन्ही शेजारी शेजारी. मी तिथेच बसून रडले. संध्याकाळी आग लावली. प्लॅस्टिकचा धूर सगळ्यात काळा असतो, जाऊबाई.

ह्यांना आता आडवं होता येत नाही. टेबलावर उशी ठेवून तिच्यावर डोकं टेकवून बसतात. डॉक्टर म्हणतात, या हवेतून हला. हे म्हणतात, कशाला, वहिनीने हातात घेतलंय, ती थांबवणार. येईल त्याला तुमची गोष्ट सांगतात. मग मी तुम्हाला काय लिहिणार होते?

रागवा, पण टाकू नका.
तुमची धाकटी


१३ फेब्रुवारी

धाकटीला,
वि. वि. आज राहू दे.

मी काल घंटागाडीच्या मागच्या पायरीवर चढून आत डोकावले. गाडीवाला ओरडला, आजी, पडाल. म्हटलं, पडले तर सुक्यात टाक. आत दोन कप्पे करणारा मधला पत्रा होता ना, तो काढून टाकलाय. तो असला की माल कमी मावतो, दोन फेऱ्या पडतात, असं त्याला वरून सांगितलंय म्हणे. म्हणजे तुझं पहिलं पत्र खोटं आणि गाडीचा पत्रा गायब. खताच्या शेडला कुलूप आहे, ते उघडलेलं त्याने बघितलेलं नाही.

तशीच नगरपालिकेत गेले. शिट्टीवाले साहेब खुर्चीत होते. मागे भिंतीवर स्वच्छ शहराची ढाल. मी तुमचं सगळं सांगितलं. भाऊजी बसून झोपतात तेही सांगितलं. ते म्हणाले, आजी, वेगळं करणं हे तुमचं काम, पुढचं आमच्यावर सोडा. धाकटे, मी या तोंडाने अख्खी गल्ली गप्प केली, पण तिथून तशीच माघारी फिरले. जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहिले. मी तुझ्या नवऱ्याला धुऊन वाळवून, घड्या घालून धूर पाठवत होते गं.

आता ऐक. पुढची खोली रिकामी केली आहे. पलंग खिडकीशी ओढलाय, उश्या रचल्यात. भाऊजींना घेऊन निघ. घर सोडवत नाही म्हणतील तर म्हणावं, वहिनीने हुकूम केलाय. गाडी मिळत नसेल तर त्या मेल्या घंटागाडीत बसा, येताना ती रिकामीच येते.

या. एवढंच.
थोरली


१९ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंना,
नमस्कार. वि. वि.

निघायची तयारी झाली होती. ह्यांनी सदराही घातला. उंबऱ्याशी ओठ निळे पडले. आता इस्पितळात आहेत, नाकाला ऑक्सिजन. डॉक्टर मला बघितलं की दुसरीकडे बघतात.

शुद्धीवर आले की तुमचंच विचारतात. काल पेन्सिल मागितली, तुमच्या ओळी लिहायच्या म्हणाले. चिठ्ठी सोबत ठेवली आहे. एकच शब्द झाला आणि पेन्सिल पडली.

मी एकटी आहे. काहीतरी लिहा.
धाकटी


२२ फेब्रुवारी, नगरपालिकेच्या फाटकातून

माझ्या धाकटीला,
पोटाशी धरून आशीर्वाद.

चिठ्ठी मिळाली. “वहिनी,” एवढंच आहे. पण तू नीट बघितलं नाहीस. पुढे स्वल्पविराम दिलाय. म्हणजे पुढे लिहायचंय. माझ्या शाळेत एवढं तरी शिकवलं होतं. तो माणूस वाक्य अर्धं टाकून उठणाऱ्यातला नाही, एकवेळ ताट टाकून उठेल. त्यांच्या कानाशी जाऊन सांग, वहिनी पुढचं वाचायला थांबली आहे.

मी इथे फाटकाशी बसले आहे. शिंपीणबाई आहे, मास्तरीणबाई आहेत, सगळी गल्ली आहे. कुणीच घंटागाडीला कचरा दिला नाही. सगळ्या पिशव्या आणून फाटकाच्या गजांना बांधल्या, सासूबाईंच्या गाठीने. फाटक उघडेना. साहेब स्वतः गाठी सोडायला आले, नखं तुटली. मग कात्री आणवली. कापल्यावर ओलं सगळं त्यांच्या बुटांवर आलं. कुणीतरी त्यांचीच शिट्टी वाजवली. मी नव्हते. बहुतेक.

पत्रा बसवा, शेडचं कुलूप काढा, आग बंद करा, मग सोडू, असं सांगितलंय. चौकशी करतो म्हणाले. करतील की नाही, आग थांबेल की नाही, थांबली तरी भाऊजींच्या छातीत जे साठलंय त्याचं काय, मला काही माहीत नाही. एवढी जीभ चालवणारी मी, मला काही माहीत नाही. हे पत्र दुपारच्या गाडीने जाणाऱ्याच्या हाती देते, मी संध्याकाळची गाडी धरून तुझ्याकडे येते. इथे माझ्या जागी मास्तरीणबाई बसतील.

तोवर त्यांच्या हातात पेन्सिल देऊन ठेव. बोटं मिटून दे.

आणि त्यांना सांग, साहेब चुकले. थेंब पडून अक्षरं फुटलीत ना या कागदावर, ती बघ. मी ओल्यातलीच निघाले.

तुझी थोरली